थायलंडची ओळख मुलांना कुठून करून द्यायची?



सहावी-सातवीच्या वर्गात आशियाचा नकाशा लावा आणि विचारा, "थायलंडबद्दल काय माहीत आहे?" आमच्या तामलवाडीच्या भागात साधारण अशी उत्तरं येतात. समुद्र, हत्ती, मोठं विमानतळ. उजनीच्या बाजूचे पाहुणे असलेला एखादा 'थाई मांगूर' सांगतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी 'बँकॉक' म्हणतं आणि तीन-चार पोरं फिदीफिदी हसतात.

ते हसू पोरांचं नसतं. लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर मोठी माणसं 'बँकॉकला जाऊन आला' म्हणून डोळे मिचकावतात, ते मुलं बघत असतात. पुढं तेच वर्गात येतं. मांगूरचीही गंमत बघा. ज्या माशाला आपण 'थाई मांगूर' म्हणतो आणि ज्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे, तो मूळचा आफ्रिकेतला. थाई लोकांच्या वाट्याला नुसतं नाव आलं.

याच्या अगदी उलट दुसरी एक सवय आहे, आणि ती आपल्या शिकलेल्या लोकांची आहे. "अहो, तिथं सगळं आपलंच तर आहे! राजाला राम म्हणतात, जुन्या राजधानीचं नाव अयोध्या, भाषेत निम्मं संस्कृत." हे सांगताना छाती फुगते आणि धडा तिथंच संपतो. सगळं आपलंच असल्यावर त्यांचं वेगळं काय शिकायचं?

माझं मत स्पष्ट सांगतो. हसणं आणि छाती फुगवणं, या दोन्ही सवयींमुळं थाई माणूस आपल्याला दिसतच नाही. सात कोटींच्या आसपास लोकांचा हा देश मुलांना दाखवायचा असेल, तर त्यांच्या भाषेतून, शाळेतून आणि शेतातून दाखवायला हवा. तसं करायला पैसे लागत नाहीत. फळा, नकाशा आणि दोन-तीन तासिका पुरतात.

हे आपल्याच मुलांसाठी का गरजेचं आहे?

कारण एका शब्दात ओळखलं जाणं काय असतं, हे आपल्या मुलांना लवकरच कळणार आहे. आपली पोरं पुण्याला शिकायला किंवा कामाला जातात. "कुठला रे तू?" "धाराशिवचा." "अच्छा, दुष्काळी भाग!" झाली ओळख. तुळजाभवानी नाही, तेर नाही, नळदुर्गचा किल्ला नाही, गोरोबाकाका नाहीत. वर बोलीवरून हसणं वेगळंच. आपल्याबद्दल कोणी असं एका शब्दात बोललं की आपल्याला लागतं. मग दुसऱ्यांच्या बाबतीत आपण वर्गात तेच करत असू, तर मुलं नेमकं काय शिकतील?

आधी देश केवढा ते बघू

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, थायलंडचं सुमारे ५ लाख १३ हजार. म्हणजे देश महाराष्ट्राच्या पावणेदोन पटीच्या जवळ जातो, पण लोकसंख्या आपल्या राज्यापेक्षा कितीतरी कमी. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्र ११ कोटींच्या पुढे होता. ही तुलना मुलांना लगेच समजते.

शेजारी म्यानमार, लाओस, कंबोडिया आणि मलेशिया. १९३९ पर्यंत या देशाला बाहेरचं जग 'सयाम' म्हणत असे. आज तिथले लोक आपल्या देशाला 'प्रथेत थाई' म्हणतात. हा 'प्रथेत' म्हणजे आपला 'प्रदेश'. आग्नेय आशियात युरोपीय सत्तेची वसाहत न झालेला हा एकच देश. अर्थात त्याची किंमत त्यांनी मोजली. फ्रेंचांना आणि इंग्रजांना बराच मुलूख सोडून द्यावा लागला. १९३२ मध्ये तिथं राजाची अनिर्बंध सत्ता संपून राज्यघटना आली. त्याआधी, १८७२ मध्ये, तरुण राजा चुलालोंगकोर्न भारत पाहून गेला होता आणि त्या दौऱ्यात मुंबईलाही आला होता.

पहिली यादी : सारखे वाटणारे शब्द

आता भाषा घेऊ. फळ्यावर दोन याद्या करायच्या. पहिली यादी सोपी आणि मजेची आहे.

वार बघा. रविवार 'आथित' म्हणजे आदित्य. सोमवार 'चान' म्हणजे चंद्र. मंगळवार 'आंगखान' म्हणजे अंगारक, बुधवार 'फुत', गुरुवार 'फ्रुहत' म्हणजे बृहस्पती, शुक्रवार 'सुक', शनिवार 'साओ'.

महिने तर आपल्या राशींवरून. जानेवारी 'मकराखोम', फेब्रुवारी 'कुम्फाफान', मार्च 'मीनाखोम', एप्रिल 'मेसायोन', ऑगस्ट 'सिंगहाखोम', ऑक्टोबर 'तुलाखोम'. १८८९ मध्ये सौर दिनदर्शिका सुरू करताना ही नावं ठरवली गेली, आणि त्यात एक युक्ती आहे. ज्या महिन्याच्या शेवटी 'खोम' तो ३१ दिवसांचा, 'योन' तो ३० दिवसांचा आणि 'फान' असलेला एकटा फेब्रुवारी. आपण मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजायला शिकवतो, त्यांच्याकडं ते उत्तर नावातच आहे. तिथं सन मोजतात तो बुद्धाब्द, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. म्हणजे २०२५ साल तिथं २५६८. चौथीच्या मुलांना बेरजेचं चांगलं उदाहरण झालं.

शाळेतले शब्द : शिक्षकाला 'ख्रू' म्हणजे गुरू, प्राध्यापकाला 'आचान' म्हणजे आचार्य, महाविद्यालयाला 'वित्थयालय', भाषेला 'फासा'. टेलिफोनला 'थोरसप', म्हणजे दूर आणि शब्द. टेलिव्हिजनला 'थोरथत', म्हणजे आपलं दूरदर्शनच.

अक्षरमाला तर आपल्याच क्रमानं. 'क' वर्ग, 'च' वर्ग असं पुढं. आपली मुलं 'क कमळाचा' म्हणतात, तिकडची 'को काइ' म्हणतात, काइ म्हणजे कोंबडी. पुढचं अक्षर 'खो खाइ', खाइ म्हणजे अंडं. कोंबडी आधी की अंडं आधी, हा प्रश्न त्यांच्या बाराखडीनं सोडवूनच टाकला आहे!

इथवर आलो की छाती फुगायला लागते. म्हणून इथंच थांबून मुलांना सांगायचं की यातलं बहुतेक थेट आपल्या दारातून उचलून नेलेलं नाही. थाई लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपासून निघाली, पण ख्मेर लोकांच्या हातून वळणं घेत त्यांच्यापर्यंत पोचली. बरेच शब्द पाली ग्रंथांतून, भिक्खूंच्या तोंडून आले. आणि थाई लोकांनी त्यातून स्वतःचे नवे शब्द घडवले. 'थोरसप' हा शब्द आपल्याकडं कुठं आहे? आपण 'दूरध्वनी' केला, त्यांनी 'दूरशब्द' केला. रामकथा त्यांच्याकडं 'रामकियन' म्हणून आहे, पण तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. कथा पोचली, रुजली आणि त्यांची झाली. आपल्याकडं मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, म्हणून आपला ठेचा काही पोर्तुगीज होत नाही.

आणि एक फसगत मुद्दाम दाखवा. थाईत दिवसाला 'वान' म्हणतात. मुलं पटकन म्हणतील, "सर, हा आपला 'वार'!" नाही. 'वान' हा त्यांचा स्वतःचा जुना शब्द आहे, आपल्या 'वार'शी त्याचं नातं नाही. सारखं दिसतं ते सगळं आपलं नसतं, हे शिकवायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरी यादी : त्यांचे स्वतःचे शब्द

खरी ओळख या यादीत आहे. थाई भाषा संस्कृतच्या कुळातली नाहीच. तिचं कूळ वेगळं, आणि ती सुरांची भाषा आहे. पाच सूर. 'खाव' हा उच्चार एका सुरात म्हटला तर भात, दुसऱ्यात पांढरा, तिसऱ्यात बातमी. वर्गात म्हणून बघा, चांगली करमणूक होते, आणि परकी भाषा शिकणाऱ्याला किती कष्ट पडतात तेही कळतं.

आई म्हणजे 'मे', पाणी म्हणजे 'नाम'. दोन्ही जोडले की 'मेनाम', म्हणजे नदी. पाण्याची आई! आपण गंगामाय, भीमामाय म्हणतो, त्यांनी नदी या शब्दातच आई ठेवली. यातलं कोणी कोणाकडून घेतलेलं नाही. नदीकाठी शेती करणारी माणसं तिथंही तसाच विचार करतात, एवढंच.

भेटल्यावर विचारतात, 'किन खाव रु यांग?' म्हणजे भात खाल्ला का. आपण दारात आलेल्याला 'जेवलात का?' म्हणतो ना, तेच. हात जोडून केलेल्या नमस्काराला ते 'वाइ' म्हणतात. सोबत बोलतात तो 'सवाद्दी' शब्द 'स्वस्ति'वरून आहे, पण तो नमस्कारासाठी रूढ होऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

आता मनाचे शब्द. मन म्हणजे 'जाइ'. 'जाइ येन' म्हणजे थंड मन, न चिडता शांत राहणं. 'नामजाइ' म्हणजे मनाचं पाणी. न मागता दुसऱ्याच्या उपयोगी पडणं, त्याला हा शब्द. 'क्रेंगजाइ' म्हणजे समोरच्याला आपल्यामुळं त्रास होऊ नये म्हणून वाटणारा संकोच, आपल्या 'भीड' या शब्दाच्या बराच जवळचा. मुलांना विचारा, "तुमच्या घरात नामजाइ कोणाकडं आहे?" उत्तरात आजी येते, शेजारची काकू येते. थायलंड नकाशावरून उतरून घरात येतो.

गुरुवारची दूर्वा

आपण शिक्षक, म्हणून ही गोष्ट खास आपल्यासाठी. तिथल्या शाळांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला, बहुतेक जून महिन्यात, 'वाइ ख्रू' म्हणजे गुरुवंदनाचा कार्यक्रम असतो. दिवस शक्यतो गुरुवार. मुलं शिक्षकांना फुलं देतात, पण महागाची नाहीत. वांग्याचं फूल, गुच्छानं येणारं इक्झोराचं फूल आणि दूर्वा.

वांग्याचं फूल खाली मान घालून असतं, म्हणून ती नम्रता. इक्झोराची कळी टोकदार, म्हणून ती तल्लख बुद्धी. आणि दूर्वा, म्हणजे आपल्या शेतातली हराळी? ती तुडवली तरी उठते आणि पसरत जाते. तशी चिकाटी, तशी विद्या.

हराळी खुरपून खुरपून ज्यांच्या आईच्या कंबरेचे टाके ढिले झालेत, त्या मुलांना हे सांगून बघा. ज्या गवताला शेतकरी वैतागतो आणि जे आपण गणपतीला वाहतो, तेच तिथं विद्येचं चिन्ह म्हणून शिक्षकाच्या हातात देतात. यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागत नाही, बांधावर जावं लागतं.

अर्थात तिथल्या शाळा म्हणजे स्वर्ग नाहीत. केस किती लांब ठेवायचे, गणवेश कसा घालायचा याचे तिथले नियम फार कडक. २०२० मध्ये विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध उघड निदर्शनं केली. म्हणजे गुरूला फुलं वाहणारी मुलं नियमाबद्दल प्रश्नही विचारतात. हेही आपल्या मुलांना सांगायला हवं, भलेही आपल्याला थोडं अडचणीचं वाटो.

थायलंडचा मराठवाडा

थायलंडच्या ईशान्येला एक मोठा भाग आहे. त्याचं नाव 'ईसान', आपल्या 'ईशान्य' दिशेवरूनच. देशाची साधारण एक तृतीयांश जमीन आणि तितकीच माणसं या भागात. कोराटचं पठार, रेताड आणि कुठं कुठं खारवट जमीन, बेभरवशाचा पाऊस. पर्यटकांच्या फोटोतला निळा समुद्र इथं नाही.

ईसानमधली माणसं कामासाठी बँकॉकला जातात. टॅक्सी चालवतात, बांधकामावर राबतात, कारखान्यांत, हॉटेलांत काम करतात. मुलं गावी आजी-आजोबांजवळ राहतात. त्यांची बोली लाओ भाषेच्या जवळची, म्हणून राजधानीत तिला हसतात. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये मोलकरणीच्या तोंडी ईसानी बोली ठरलेली असायची.

ओळखीचं वाटतं ना? आपल्या जिल्ह्यातून, शेजारच्या बीडमधून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि आपल्या वर्गातली काही मुलं आजीजवळ राहतात किंवा हंगामी वसतिगृहात. त्या मुलांना वाटतं की हे फक्त आपल्याच नशिबी आहे. हजारो किलोमीटर दूर एक मूल असंच आजीच्या हातचं खाऊन शाळेत जातं, हे कळलं की त्याची परिस्थिती बदलत नाही, पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही हे मात्र कळतं.

ईसानच्या दुष्काळात गेलेल्या बालपणावर कंफून बूनथवी या लेखकानं 'लूक ईसान' ही कादंबरी लिहिली, म्हणजे ईसानचं लेकरू. तिला १९७९ मध्ये आग्नेय आशियातला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या लेखकांनी आपल्या बोलीत जे केलं, ते तिथंही कोणीतरी करत होतं.

जेवणाचंही सांगायला हवं. तिथं चिकट भात खातात, हातानं गोळा करून. सोबत 'सोम तम', म्हणजे कच्च्या पपईचा कीस, मिरची, लसूण, शेंगदाणे उखळात कुटून. आपल्या ठेच्याचा आणि शेंगाच्या चटणीचा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही.

आणि ऊस! ईसानमध्ये खोनकेन, उदोनथानी भागात ऊसच ऊस. साखर निर्यातीत ब्राझीलनंतर बहुतेक वेळा थायलंडचा नंबर लागतो. २०१९-२० च्या हंगामात तिथं दुष्काळानं ऊस गेला, साखर एकदम घटली आणि जगाच्या बाजारात आपल्या साखरेला जागा मिळाली. म्हणजे त्यांच्या पावसाचा आपल्या कारखान्याच्या गोदामाशी संबंध आहे. तिथं साखर विक्रीच्या उत्पन्नातले ७० टक्के शेतकऱ्याला आणि ३० टक्के कारखान्याला, असं सूत्र कायद्यानं आलं. हे ७०:३० चं सूत्र आपल्याकडच्या ऊस परिषदांमध्येही ऐकू येतं. ज्या मुलाच्या घरी उसाच्या बिलाची वाट बघितली जाते, त्याला थायलंड असा शिकवा, तो विसरणार नाही.

गुहेतले तेरा जण आणि बुडालेलं भात

एकच गोष्ट सांगायला वेळ असेल, तर ही सांगा. २३ जून २०१८ रोजी थायलंडच्या उत्तरेला, चियांग राय प्रांतात, फुटबॉल खेळणारी १२ मुलं आणि त्यांचा पंचविशीतला प्रशिक्षक थाम लुआंग नावाच्या गुहेत गेले. पाऊस कोसळला, गुहेत पाणी भरलं, वाट बंद झाली. २ जुलैला पाणबुड्यांना ती जिवंत सापडली. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सगळ्यांना बाहेर काढलं. अंधारात प्रशिक्षकानं मुलांना ध्यान करायला लावून शांत ठेवलं होतं. तेच 'जाइ येन'.

बातम्यांमध्ये पाणबुडे दिसले, ते बरोबरच आहे. पण शेतकऱ्यांच्या मुलांना एवढं जास्तीचं सांगा. गुहेतून रात्रंदिवस पाणी उपसलं जात होतं, ते गेलं आसपासच्या भातशेतीत. लावलेलं भात बुडालं. सरकारनं नुकसानभरपाई देऊ केली, तर त्यातल्या काही शेतकऱ्यांनी ती नको म्हटलं. भात पुन्हा लावता येईल, मुलं वाचली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. पेरणी वाया जाणं म्हणजे काय, हे आपल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मग 'नामजाइ' शब्दाचा अर्थही समजावावा लागत नाही.

त्या पाणी उपशाच्या कामात आपल्या महाराष्ट्रातल्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञही मदतीला गेले होते. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीतून ज्या कंपनीचे पंप आपल्या विहिरींवर आले, तिची माणसं त्या डोंगरात उभी होती.

गुहेत प्राणवायूच्या टाक्या पोचवताना नौदलाचा माजी जवान समान कुनान याचा ६ जुलैला मृत्यू झाला. तो ईसानचा होता, रोइ एत प्रांतातला. आणि वाचलेल्यांपैकी तीन मुलं आणि प्रशिक्षक यांच्याकडं कोणत्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. सीमेवरच्या डोंगरी समाजातली माणसं ती. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांना थाई नागरिकत्व मिळालं. 'थाई माणूस' म्हणजे एका साच्यातला नाही, हे इथं दिसतं. उत्तरेत डोंगरी जमाती, ईशान्येत लाओ बोलीची माणसं, दक्षिणेला पत्तानी, याला, नराथिवात या भागांत मलय बोलणारे मुस्लिम, शहरांत चिनी वंशाचे व्यापारी. नव्वद टक्क्यांहून अधिक लोक बौद्ध असले तरी उरलेलेही त्याच देशाचे आहेत.

पायी चालणारी माणसं

२०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू आपल्या मराठवाड्यातून पायी गेले. परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत ती धम्मपदयात्रा होती. गावोगावी लोक रस्त्यावर उभे राहून फुलं घेऊन वाट बघत होते. कोजागरीला आमच्या तामलवाडीवरून तुळजापूरकडं पायी जाणाऱ्या भाविकांना पाणी-चहा देणारी माणसं आम्ही रोजच्या ओळखीनं जाणतो. चालत येणाऱ्याला पाणी द्यायचं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

पण त्या भिक्खूंशी कोणी दोन वाक्यं बोललं का, ते कुठल्या गावचे होते, घरी शेती होती का, हे विचारलं का? त्यातले काही ईसानचे असतीलही. दर्शन झालं, ओळख राहिली. पुढच्या वेळी एखाद्या शाळेतल्या मुलीनं 'सवाद्दी खा' म्हटलं आणि मुलानं 'सवाद्दी ख्राप' म्हटलं, तर केवढा फरक पडेल! बोलणारी मुलगी असेल तर शेवटी 'खा', मुलगा असेल तर 'ख्राप'. एवढं शिकायला दोन मिनिटं लागतात.

पालकांसाठी एक गोष्ट

ओळख नसल्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. 'थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरची नोकरी, राहणं-खाणं फुकट' अशा जाहिरातींना भुलून आपल्याकडची शिकलेली पोरं गेली आणि थायलंडची सीमा ओलांडून म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडच्या माए सोत गावातून वायुसेनेच्या विमानांनी परत आणावं लागलं. माए सोत नकाशावर दाखवा. एक छोटी नदी ओलांडली की पलीकडं म्यानमार. बँकॉकमधली नोकरी सांगून कोणी सीमेकडं गाडी वळवली, तर शंका यायला निदान नकाशा माहीत हवा. हा भूगोल परीक्षेत येणार नाही, पण घरात मुलगा-मुलगी मोठी होत असेल तर उपयोगी आहे.

वर्गात काय करता येईल?

पहिल्या तासाला फळ्यावर दोन याद्या करा, सारखे शब्द आणि त्यांचे स्वतःचे शब्द. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब झाली पाहिजे, एवढीच अट. दुसऱ्या तासाला ईसान आणि मराठवाडा अशी तुलना मुलांकडूनच लिहून घ्या : पाऊस, पीक, काम, बोली, जेवण. त्यात सारखं काय आणि वेगळं काय, दोन्ही रकाने भरू द्या. तिसऱ्या तासाला गुहेची गोष्ट सांगा आणि मुलांना भात बुडालेल्या शेतकऱ्याच्या नावे पत्र लिहायला लावा. १३ ते १५ एप्रिलला त्यांचं नवीन वर्ष असतं, 'सोंगक्रान', म्हणजे संक्रांतच, पण मेष राशीची. घरच्या थोरांच्या हातावर पाणी घालून आशीर्वाद घेतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं या सणाची वारसा यादीत नोंद केली. आपल्याकडं तेव्हा वर्षाअखेरची घाई असते, पण परिपाठात पाच मिनिटं मिळू शकतात.

आणि मागच्या बाकावर कोणी हसलंच, तर रागावू नका. त्याला विचारा, "बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणाऱ्या ईसानच्या माणसाची मुलं कोणाजवळ राहत असतील?" मग वर्गाला थोडा वेळ द्या. तुमच्या वर्गात कोणतं उत्तर येतं, ते आम्हाला नक्की कळवा.